टाके घालताना आणि त्यानंतर: स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलामुलींची शुश्रूषा

हे लिखाण कोल्हापुरात कॅज्युअल्टीला, सर्जरी किंवा मेडिसिनच्या वॉर्डात, ग्रामीण रुग्णालयात नव्यानं रुजू झालेल्या सिस्टर आणि ब्रदर यांच्यासाठी आहे. मानसोपचाराचं वेगळं प्रशिक्षण नसलं तरी पहिल्याच महिन्यात असं एखादं पोर तुमच्यासमोर येऊ शकतं. बहुतेक वेळा डॉक्टरांच्या आधी त्याच्याजवळ तुम्हीच पोचता. जखम तर भरतेच. पुढच्या वेळी मनात वाईट आलं की ते पोर दवाखान्यात येईल की बाहीखाली लपवून ठेवेल, हे मात्र तुमच्या पहिल्या वीस मिनिटांतल्या वागण्यावर पुष्कळ ठरतं.

आधी एक गैरसमज दूर करू. स्वतःला इजा करणं म्हणजे दर वेळी मरायचा प्रयत्न नसतो. काही मुलं असह्य घालमेल, राग, अपराधी वाटणं किंवा आतून बधिर होणं थोडा वेळ शमावं म्हणून असं करतात. काहींना खरंच जगायचं नसतं. एकाच मुलात आज एक आणि महिन्यानं दुसरं असू शकतं, आणि पहिल्या प्रकारच्या मुलांना पुढे आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा जास्त असतोच. म्हणून जखमेच्या खोलीवरून मनाचा अंदाज बांधू नका. "वरवरचंच आहे, नाटक आहे" असं कुणी म्हणालं तर जखम वरवरची आहे एवढंच त्यातलं खरं धरा.

आल्या आल्या

क्रम नेहमीचाच: श्वास, नाडी, रक्तदाब, सॅच्युरेशन, शुद्ध, रक्तातली साखर. रक्त वाहत असेल तर जाड गॉजनं थेट दाब द्या आणि हात उंच धरा. पूर्ण १० मिनिटं, घड्याळ लावून. मधेमधे उचलून बघितलं की जमत आलेली गुठळी निघते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

त्याच वेळी पडदा ओढा. कोल्हापुरात पोर एकटं येत नाही. आई, चुलते, मामा, तालमीतली दोन पोरं, शेजारचे काका असा सगळा लवाजमा असतो. त्यांना "बाहेर व्हा" म्हणण्यापेक्षा काम द्या. एकानं केसपेपर काढायचा, एकानं घरी फोन करून औषधांची पाकिटं, डबे मागवायचे, एकानं म्हाताऱ्या माणसांना बाकावर बसवायचं. गर्दी आपोआप पांगते आणि कुणाचा अपमानही होत नाही. आई किंवा वडील, दोघांपैकी मूल म्हणेल त्यांना जवळ ठेवा. कुणीच नको म्हणालं तर पडद्याबाहेर, हाकेच्या अंतरावर.

आपलं नाव सांगा. "मी सिस्टर सुनीता. आधी रक्त थांबवू, मग दुखणं कमी करू. काय करतेय ते सांगत सांगत करते." एवढं बोलायला दहा सेकंद लागतात. "का केलंस?" हा प्रश्न तोंडाशी येतो, तो गिळा. या घडीला तो जाब विचारल्यासारखाच ऐकू जातो. "कधी झालं, कशानं झालं, आणखी कुठं लागलंय?" इतकंच विचारा. शेवटचा प्रश्न विसरू नका, कारण दाखवलेली जखम एक असते आणि कपड्याखाली दुसरी. मांड्या, पोट, दंड बघायचे तर परवानगी मागून, एका वेळी एकच भाग उघडून. मुलीला स्त्री कर्मचाऱ्यानंच तपासायचं.

मुलग्यांचं एक वेगळं ध्यानात ठेवा. भिंतीवर, दारावर मूठ मारून हात सुजवून आलेला पोरगा "पडलो" म्हणतो आणि अपघात म्हणून नोंद होऊन घरी जातो. करंगळीच्या मागचं हाड दुखत असेल तर एक्स-रे होईलच, पण सोबत "रागात मारलास का रे हात?" हेही हळू आवाजात विचारा.

जखम

बधिरता आणायच्या आधी जखमेच्या पुढची संवेदना, प्रत्येक बोटाची हालचाल आणि नखावर दाबून रंग परत यायला लागणारा वेळ बघा. दोन सेकंदांहून जास्त लागला, किंवा एखादं बोट वळत नसेल, तर ताबडतोब डॉक्टरांना सांगा. मनगटाजवळच्या छोट्या दिसणाऱ्या जखमेखालीही रक्तवाहिनी, मज्जातंतू किंवा स्नायूबंध तुटलेला असू शकतो. इंजेक्शननंतर ही तपासणी निरुपयोगी ठरते.

धुवायला साधं नॉर्मल सलाईन. जखमेच्या दर सेंटिमीटर लांबीला ५० ते १०० मिली, २० मिलीच्या सिरिंजनं, थोड्या जोरात. हायड्रोजन पेरॉक्साईड जखमेत ओतू नका. आग होते आणि भरणाऱ्या पेशीही मरतात. पोव्हिडोन आयोडिन भोवतालच्या कातडीपुरतं. भाजलेलं असेल तर वाहत्या नळाच्या पाण्याखाली २० मिनिटं. घटनेला तीन तास होईपर्यंत याचा उपयोग असतो. घरून टूथपेस्ट किंवा हळद लावून आणलेली असेल तर न रागावता धुऊन टाका. बर्फ नाही.

टाके घालायचे तर भूल देऊनच. "कळू दे जरा, म्हणजे परत करणार नाही" हे वाक्य कुणाच्याही तोंडून आलं तरी ते मानू नका. शिक्षा म्हणून टाके घातलेलं मूल पुढच्या वेळी दवाखान्याची पायरी चढत नाही आणि उघडी जखम घेऊन घरीच बसतं. डॉक्टरांनी लिग्नोकेन सांगितलं की वजन करून हिशेब तुम्हीही करा. ॲड्रेनॅलिन नसलेल्या लिग्नोकेनची मर्यादा किलोला ३ मिलिग्रॅम धरली, तर ४० किलोच्या मुलीला १२० मिलिग्रॅम. २ टक्क्यांच्या द्रावणात १ मिलीत २० मिलिग्रॅम असतात, म्हणजे ६ मिली. जखमा अनेक असल्या की हा आकडा नकळत ओलांडला जातो.

धनुर्वाताची विचारपूस करा. राष्ट्रीय लसीकरणात टीडी, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्पाची लस, १० व्या आणि १६ व्या वर्षी असते, पण शाळेत त्या दिवशी गैरहजर राहिलेली मुलं पुष्कळ. पूर्वीचे डोस पूर्ण असतील तर स्वच्छ, लहान जखमेला दहा वर्षांत आणि इतर जखमांना पाच वर्षांत डोस झालेला असला म्हणजे पुरतं.

जुने वण दिसतील. ते मुलासमोर मोजू नका, "बापरे" म्हणू नका, सहकाऱ्याला बोलावून दाखवू नका. शरीराच्या आकृतीवर जागा नंतर लिहून ठेवा.

"औषध घेतलं" म्हणजे काय घेतलं?

आपल्याकडे औषध म्हणजे फवारणीचंही आणि दवाखान्यातलंही. "पोरीनं औषध घेतलंय" एवढ्यावर थांबू नका. कुठलं, किती वाजता, डबा किंवा पाकीट कुठंय, उलटी झाली का, घरी काय पाजलं? मीठपाणी पाजून, घशात बोट घालून उलटी काढणं अजून चालतं. त्यात उलटी श्वासनलिकेत जायचा धोका असतो, आणि मीठपाण्यानं रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं. फोनवरच कुणी विचारलं तर काहीही पाजू नका, डबा घेऊन १०८ वरून या, असं सांगा.

कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो: लाल, पिवळा, निळा, हिरवा, विषारीपणाच्या उतरत्या क्रमानं. रंग आणि रसायनाचं नाव दोन्ही लिहून घ्या. अंगावर सांडलेलं असेल तर स्वतः ग्लोव्ह्ज आणि गाऊन घालून कपडे काढा, केसांसकट साबणानं धुवा. कपडे बंद पिशवीत. तोंडातून लाळ, घाम, डोळ्यांच्या बारीक झालेल्या बाहुल्या, मंद नाडी दिसली की डॉक्टरांना हाक मारा, सक्शन आणि ॲट्रोपिन तयार ठेवा. काही तणनाशकांत जादा ऑक्सिजन फुफ्फुसाला उलट मारक ठरतो. सॅच्युरेशन कमी असेल तर तो लागतोच, पण आकडा चांगला असताना निव्वळ सवयीनं मास्क लावू नका. डॉक्टरांना डबा दाखवा आणि विचारा.

तापाच्या, दुखण्याच्या गोळ्या जास्त खाल्लेलं मूल पहिल्या दिवशी ठणठणीत दिसू शकतं. इथंच चूक होते: "बरी आहे, घरी न्या." पॅरासिटामॉलमध्ये यकृताची इजा नंतर दिसते. रक्ताची पातळी गोळ्या घेतल्यापासून ४ तासांनी बघायची आणि उतारा पहिल्या ८ तासांत सुरू झाला तर सर्वांत चांगला लागू पडतो. म्हणून "किती वाजता" या प्रश्नाचं उत्तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यात हवं. आपल्याला पातळी बघायची सोय नसेल तर वाट बघत बसायचं नाही, वरच्या रुग्णालयात पाठवायचं.

विचारायचं कसं

ड्रेसिंग करतानाची वेळ बोलायला सर्वांत चांगली. तुमचे डोळे जखमेवर असतात, त्याला तुमच्याकडं बघावं लागत नाही, आणि हातांना काम असल्यामुळं शांतता अवघडल्यासारखी होत नाही.

गुप्ततेचं आधी सांगा, ऐकल्यानंतर नाही. "तू सांगशील ते मी सगळ्यांना सांगत फिरणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका असेल, किंवा कुणी तुला त्रास देत असेल, तर मला डॉक्टरांना सांगावं लागेल. सांगायच्या आधी तुला कळवेन."

मग थेट विचारा. "जीव द्यावा असं मनात आलं होतं का?" "आत्ता, इथं बसल्यावरही येतंय का?" "कसं करायचं ते ठरवलंय का?" "आधी कधी केलं होतंस?" असं विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे, उलट कुणीतरी विचारलं म्हणून मुलांना सुटल्यासारखं होतं. "तसलं काही नाही ना मनात?" असं विचारलंत तर उत्तर "नाही"च येणार, कारण प्रश्नातच तुम्हाला काय ऐकायचंय ते सांगून टाकलंत.

उत्तर "हो" आलं तर त्याला एकटं सोडून डॉक्टरांना शोधायला जाऊ नका. दुसऱ्याला पाठवा, तुम्ही थांबा.

कारणं हळूहळू येतात: दहावी-बारावीचा निकाल, प्रेमप्रकरण घरी कळणं, मोबाईल काढून घेणं, वडिलांचं पिणं, कुणीतरी फोटो पसरवायची धमकी देणं, आपण इतर मुलांसारखे नाही हे कळल्याची भीती, बोर्डिंगात चाललेली छळवणूक. मोबाईल काढून घेतला एवढंच कारण दिसलं की मोठ्यांना हसू येतं किंवा राग येतो. मोबाईल हा बहुधा शेवटचा धक्का असतो. त्याच्या आधी महिनोन्महिने काय साचलंय ते विचारायला हवं.

शप्पथ घालू नका. "आता परत नाही ना करणार? घे आईची शप्पथ" हे मायेनंच केलं जातं, पण परिणाम वाईट होतो. घालमेल पुन्हा येते, शप्पथ मोडते, आणि आता लपवायला आणखी एक गोष्ट होते. वेदनेच्या जागी दुसरी छोटी वेदना सुचवण्याचे इंटरनेटवरचे उपायही देऊ नका.

गुणांची बेरीज करून "धोका कमी" ठरवणारे फॉर्म कुठं कुठं भरले जातात. ब्रिटनच्या नाईस या संस्थेनं २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा गुणांवरून पुढचा धोका वर्तवू नका किंवा कुणाला उपचार द्यायचे ते ठरवू नका, असं स्पष्ट म्हटलंय. बेरीज शून्य आली म्हणून मानसोपचारतज्ज्ञांची तपासणी टळत नाही.

आई-वडिलांशी

पालक रागावलेले दिसतात, पण त्या रागाखाली बहुधा भीती आणि लाज असते. वडील पोरासमोर "आमची अब्रू घालवलीस" म्हणायला लागले की त्यांना चहाच्या निमित्तानं बाहेर न्या आणि तिथं सांगा: "दादा, आत्ता ओरडू नका. तो इथं आला, हेच चांगलं झालंय." घरी करणी, बाहेरचं, देवऋषी असा विषय निघाला तर वाद घालू नका. अंगारा लावायचा तर लावा, पण गोळ्या आणि तारीख चुकवायची नाही, अंगाला चटका, मार, उपास काही नाही, इतकं ठाम सांगितलं की बहुतेक घरं ऐकतात.

"रत्नागिरीला पाठवणार का?" ही भीती हमखास. तिथलं मनोरुग्णालय इथल्या लोकांच्या डोळ्यांसमोर असतं. वस्तुस्थिती सांगा: मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलाला मानसोपचारासाठी दाखल करणं अपवादात्मक परिस्थितीतच करता येतं. दोन तज्ज्ञांनी, त्यांतले किमान एक मानसोपचारतज्ज्ञ, स्वतंत्रपणे तपासावं लागतं. मुलाला प्रौढांपासून वेगळं ठेवावं लागतं आणि पालक किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती पूर्ण वेळ सोबत राहते. मुलीचे हे पालक पुरुष असतील तर सोबतीला स्त्री हवी. बहुतेक मुलांचे उपचार ओपीडीतच होतात. सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे, खासगी तज्ज्ञही शहरात आहेत.

पोलीस केस

"सिस्टर, पडलाय म्हणून लिहा की" ही विनंती येतेच. खोटं लिहायचं नाही. नियमाप्रमाणं एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद, डॉक्टर करतील. पण घरच्यांना का भ्यायचं नाही ते तुम्हाला सांगता आलं पाहिजे. २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरलं जातं आणि तिला शिक्षा करता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंड संहितेतल्या आत्महत्येच्या प्रयत्नाच्या कलम ३०९ सारखा सरसकट गुन्हाच उरलेला नाही.

लैंगिक अत्याचाराचं काही निघालं तर गोष्ट वेगळी. पॉक्सो कायदा, २०१२ प्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलावर असा गुन्हा झाल्याचं कळलेल्या प्रत्येकावर पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवण्याची जबाबदारी आहे, आणि न कळवणं हा गुन्हा आहे. खोदून खोदून तपशील विचारू नका. मूल बोललं तेवढं त्याच्याच शब्दांत लिहा आणि लगेच डॉक्टर आणि इन्चार्ज सिस्टरना सांगा. अत्याचार करणारा घरातलाच असू शकतो, त्यामुळं सोबत कोण बसलंय याकडं नीट बघा.

वॉर्डात

खाट नर्सिंग स्टेशनसमोरची, खिडकी आणि बाथरूमपासून लांब. ड्रेसिंग ट्रॉली, शार्पचा डबा, औषधं त्या खाटेजवळ पाच मिनिटंही सोडायची नाहीत. पिशवी तपासायची तर मुलासमोर, कारण सांगून.

नजर ठेवायची म्हणजे किती, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. आत्ताही मरायचा विचार असेल तर हाताच्या अंतरावर सतत एक माणूस. त्याहून कमी काळजी असेल तर १५ मिनिटांच्या आत एकदा, पण ठरलेल्या ठोक्याला नाही. दर पंधरा मिनिटांनीच येता हे मुलाला दोन तासांत कळतं. बाथरूमला जाताना कडी लावायची नाही, तुम्ही दाराबाहेर बोलत राहायचं. सोबतची आई ही तुमची नजर नव्हे. ती दोन रात्री जागलेली असते, पहाटे तिला डुलकी लागणारच.

सर्वांत धोक्याची वेळ ड्युटी बदलताना असते. सगळे स्टेशनवर केसपेपर वाचत असतात आणि खाटेकडं कुणी नसतं. अशा मुलाचा हॅन्डओव्हर खाटेजवळ जाऊन द्या, आणि वॉर्डातल्या मावशी-मामांनाही सांगा की हा एकटा जिन्याकडं जाताना दिसला तर हाक मारायची. कारण सांगायची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी मूल एकदम हसतंखेळतं झालं म्हणून नजर सैल करू नका. ते खरंच बरं वाटल्यामुळं असेल, किंवा मनात काही पक्कं ठरल्यामुळं असेल. विचारल्याशिवाय कळत नाही.

केसपेपरवर वेळ २४ तासांच्या पद्धतीनं आणि मुलाचे शब्द अवतरणात. "म्हणाली, 'डोकं बंद पडावं असं वाटलं'" हे उपयोगी आहे. "ॲटेन्शन सीकिंग" लिहू नका. पुढच्या तीनही ड्युट्या तोच चष्मा लावून तिच्याकडं बघतात.

घरी जाताना

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी अर्धा तास काढा. मुलासोबत एका कागदावर, त्याच्याच अक्षरात: घालमेल वाढायला लागली की सर्वांत आधी काय जाणवतं, एकट्यानं काय केलं की थोडं निवतं, कुठं आणि कुणात जाऊन बसता येईल, मदत मागायला घरातलं कोण, बाहेरचं कोण, आणि घरात काय हलवून ठेवायचं. "छान विचार करेन" असली उत्तरं चालवून घेऊ नका. "आज्जीजवळ जाऊन शेंगा सोलत बसेन" हे चालतं. जागा माणसांच्या वर्दळीची हवी, पाण्याकाठची किंवा गच्चीवरची एकांताची नको. खाली नंबर: टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६ किंवा १८०० ८९१ ४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीत, चाइल्डलाइन १०९८, तातडीला १०८ किंवा ११२. तिथंच त्याच्या मोबाईलवरून १४४१६ एकदा लावून बघा. लावून बघितलेला नंबर अडचणीच्या रात्री पुन्हा लावणं सोपं जातं.

घरातल्या वस्तूंचं काम पालकांकडून. हा भाग घाईत उरकला जातो, आणि जीव वाचवण्यात याचाच वाटा मोठा आहे, कारण तीव्र इच्छेची लाट बहुधा थोडा वेळ राहते आणि त्या वेळात हाताशी काय आहे यावर सगळं अवलंबून असतं. उसाचं तणनाशक, फवारणीचे डबे गोठ्यात किंवा माळ्यावर उघडे असतात. ते कुलपाच्या पेटीत, किल्ली एकाच मोठ्या माणसाकडं, शक्य तर पेटीच घराबाहेर. आजोबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्याही त्यातच. मुलाची औषधं पाच-सात दिवसांचीच द्यायला डॉक्टरांना सुचवा आणि ती आईनं हातानं द्यायची.

सुटल्यानंतरचे पहिले दिवस आणि आठवडे सर्वांत नाजूक. ४८ तासांच्या आत एक फोन तुमच्याकडून किंवा समुपदेशकाकडून, आणि आठवड्याच्या आत ओपीडी. चंदगडच्या माणसाला कोल्हापूर शंभर किलोमीटरहून लांब. एका फेरीत दोन माणसांचा रोजगार बुडतो. त्यांना "दर आठवड्याला या" म्हटलं तर ते येत नाहीत आणि मग आपण त्यांनाच बेफिकीर म्हणतो. जवळच्या उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयातल्या मैत्री क्लिनिकला, म्हणजे १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठीच्या केंद्राला, चिठ्ठी द्या, आणि तिथल्या समुपदेशकाला स्वतः फोन करून नाव आणि वार सांगा. शाळेत किंवा बोर्डिंगात परतायचं असेल तर काय आणि कुणाला सांगायचं हे मुलाला विचारून ठरवा. एक शिक्षक किंवा रेक्टर पुरेसा असतो.

हातावरचे टाके साधारण ७ ते १० दिवसांनी निघतात. त्या तारखेला तुमची ड्युटी असेल अशी तारीख द्या. टाके काढताना नवी जखम दिसली तर पहिल्या दिवशी केलंत तेच, त्याच आवाजात: आधी धुवायचं, मग विचारायचं.